हक्कसोड

माझे आजोबा भिवा तांडेल
माझगावच्या गोदीत बॉयलरला रिबिटा मारायचे.
ऐकू कमी यायचं. तिथे सगळ्यांनाच कमी यायचं,
म्हणून कुणी विचारलं नाही.
पाय सुजले तेव्हाही,
उभ्याने काम, असंच म्हणाले.
सकाळी मोरीत फेस राहायचा,
साबणाचं पाणी ओतल्यासारखा.
आजी त्यावर तांब्या उपडा करायची, गुपचूप.
बेचाळिसाव्या वर्षी गेले.

डॉकयार्ड रोडची खोली दिगूमामाच्या नावावर झाली.
आईने आणि शालनमावशीने स्टँपपेपरवर सह्या केल्या:
आमचा हक्क नाही, मागणी नाही,
राजीखुशीने.
मामाने दोघींना साड्या घेतल्या.
आईची मोतिया रंगाची. ती अजून कपाटात आहे,
घडीवर चिरली.

आता परळला, तिसऱ्या मजल्यावर,
एक तरुण बाई पेन्सिलीने कागदावर आमचं घर मांडते.
चौकोन पुरुष, वर्तुळ बाई.
आजोबांचा चौकोन काळा करते.
मामाचा कोराच ठेवते.
"बाप मुलाला वाय देतो. हे एक्सवर आहे.
म्हणजे सगळ्या मुलींना जातं,
मुलाला जात नाही."
आणि दोन वर्तुळं अर्धी अर्धी रंगवते.

आई हसली.
इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.
"म्हणजे त्याला खोली," ती म्हणाली,
"आणि आम्हाला हे. सहीसुद्धा नको."

हर्षद बाहेर बाकावर, पाण्याची बाटली लांब ठेवून.
दिवसाला सातशे मिली, सगळं धरून, आमटीसकट.
त्याच्या डाव्या हाताच्या फुगीर शिरेवर बोट ठेवलं की
आत मांजर घुरघुरतं.
लहानपणी वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा
आणि मारही खायचा, लक्ष नाही म्हणून.

मी त्याला किडनी द्यायला गेले होते.
रक्तगट जुळला, आम्ही नाक्यावर येऊन दोन कटिंग घेतले,
त्याने अर्धाच प्यायला.
मग माझी बाटली तपासली.

बारा वर्षं मी लालबागला हेच करते.
बाटल्यांवर नावं चिकटवते,
लोकांना सांगते, पहिली धार सोडा, मधली घ्या.
पट्टी बुडवून मिनिटभर थांबते.
पिवळी राहिली तर बरं,
हिरवी झाली तर प्रथिन गळतंय.
स्वतःची कधी बुडवली नव्हती.

गाळणीची जाळी ज्या धाग्याची विणतात
त्या धाग्याच्या नमुन्यात आमच्याकडे एक अक्षर चुकलंय, एवढंच.
कानातही तोच धागा.
म्हणजे गोदीचा दोष नव्हता.
किंवा एकट्या गोदीचा नव्हता.
आणि आम्ही साठ वर्षं हातोड्याला शिव्या घातल्या.

मावशीला फोन केला. तिच्या दोन मुली, दोन्ही बाळंतपणाच्या वयातल्या.
ती म्हणाली, बघू, दिवाळीनंतर.
मामाला कुणी सांगितलं नाही.
त्याला काय सांगायचं? की तू सुटलास?

निहार नऊ वर्षांचा.
त्या बाईने त्याचा चौकोन काढला
आणि आत काहीच भरलं नाही. प्रश्नचिन्हही नाही.
लवकर कळलं तर गोळी असते, म्हणाली,
वर्षं वाढतात.
वर्षं हा शब्द तिने दोनदा उच्चारला.

आज रविवार.
तो बाटली घेऊन मोरीत गेला,
सोसायटीतल्या सगळ्यांना सांगू नकोस अशी तंबी मला देऊन.
पट्टी ओट्यावर, डब्यातून अजून काढली नाही.
मी दाराकडे पाठ केली
आणि खालच्या आवाजात म्हटलं,
निहार, झालं का रे?

पाणी वाहत होतं. शेजारी कुकरची शिटी.
मग तो ओरडला,
"काय?"

मुद्दामच हळू बोलले होते.
नऊ वर्षांचं कुठलंही पोर
काय असंच म्हणतं.